बाळंतिणीच्या खोलीतला थरार: वऱ्हाडातल्या आजी-माय-लेकीची मानसशास्त्रीय थरारकथा कशी लिहावी

अशा विषयावरची माझी पहिली कथा मी गावातल्या एका आशाताईला, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या स्वयंसेविकेला, वाचून दाखवली होती. कथेतली बाळंतीण केस मोकळे सोडून रात्री अंगणात फिरायची, विहिरीशी बोलायची, शेवटी बाळ घेऊन पाण्याकडे निघायची. मला वाटलं, ताई घाबरेल. तिने शांतपणे विचारलं, "ताई, सहा रात्री ही बाई झोपली नाही, अन् घरातलं कोनीच तिले दवाखान्यात काहून नेत नाही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझी कथा बाईच्या वेडाची भीती दाखवत होती, आणि ताईला भीती वाटली होती ती घरातल्या माणसांची. तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून बसले आहे. आईपण आणि घराण्यातलं जुनं दुःख यांच्यावर थरारकथा लिहायची, तर भय आजारी बाईच्या डोळ्यांत शोधू नये. घरात जे कोणी बोलत नाही आणि तरीही सगळे रोज करतात, त्यात शोधावं. पुढच्या पायऱ्या त्याच मार्गाने जातात. एकच उदाहरण शेवटपर्यंत घेते, म्हणजे जोडकाम दिसेल.

पहिली पायरी: रहस्याआधी सवय शोधा

बहुतेक जण आधी रहस्य ठरवतात. आजीने काय केलं, कोण मेलं, कोणाला कुठे पुरलं. मग ते लपवायची धडपड सुरू होते आणि वाचकाला तिसऱ्याच पानावर वास येतो. उलट्या बाजूने सुरुवात करा. घरातली एक सवय घ्या, जिचं कारण कोणालाच माहीत नाही.

आपल्या कथेतली सवय अशी: या घरातल्या बाया झोपलेल्या लेकराला चिमटा काढून उठवतात. लेकरू जरा जास्त वेळ गप राहिलं की कोणीतरी हातातलं काम टाकून येते, पायाच्या अंगठ्याजवळ चिमटा घेते, ते रडलं की परत जाते. कोणी विचारलंच तर आजी म्हणते, "लई वेळ गप राह्यलं त उठवा लागते." एवढंच. आईने लेकीला असंच उठवलं, लेक आता स्वतःच्या बाळाला तसंच उठवते.

आता कारण ठरवा, पण ते वहीत ठेवा. १९७८ सालचा हिवाळा, कापसाची वेचणी. आजी तेव्हा वीस वर्षांची, पहिलं लेकरू दोन महिन्यांचं. नवरा कापसाची बंडी (बैलगाडी) घेऊन खरेदी केंद्रावर गेलेला. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी होती, म्हणजे कापूस सरकारलाच विकावा लागे; केंद्राबाहेर बंड्यांच्या रांगा लागत आणि कास्तकार तिथेच मुक्काम करत. आजी एकटी वेचायला गेली. धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) निंबाला लुगड्याची झोळी बांधली, लेकराला पाजून त्यात निजवलं. ते रडेना, म्हणून तिला बरं वाटलं. झोपलं आहे तोवर अजून एक ओळ वेचून घेऊ, असं म्हणून ती गेली. ओटी भरून परत आली तेव्हा झोळी हलत नव्हती.

तिने हे कोणाला सांगितलं नाही. म्हणजे लेकरू गेल्याचं सगळ्या गावाला कळलं, पण त्या एका जास्तीच्या ओळीबद्दल कोणालाही नाही.

या सवयीत कथेचं इंजिन आहे. बाळाला सतत उठवलं की बाळंतीण झोपत नाही, आणि बाळंतिणीची झोप जाणं हा पुढे येणाऱ्या आजाराचा मोठा धागा आहे. आजीचं दुःख शाप होऊन नातीवर पडत नाही, एका चिमट्यातून पोचतं. तुम्ही निवडाल ती सवयसुद्धा अशीच काम करणारी हवी. नुसती विचित्र सवय, जसं की बंद खोली किंवा झाकलेला आरसा, सजावट होऊन राहते.

मानसशास्त्रातही याला आधार आहे. बालमानसतज्ज्ञ सेल्मा फ्रायबर्ग यांनी १९७५ साली पाळण्याभोवतीच्या भुतांची कल्पना मांडली होती. आईबापांच्या लहानपणातल्या, ओळख न पटलेल्या वेदना बाळाच्या खोलीत येऊन बसतात. ज्यांना आपल्याला तेव्हा काय वाटलं होतं ते आठवतं, ते सहसा तेच मुलांवर उलटवत नाहीत. ज्यांना फक्त घटना आठवते आणि त्यातली वेदना गडप झालेली असते, त्यांच्या हातून ते घडतं. आपल्या आजीला तारीख आठवते, निंब आठवतो. त्या वेळी पोटात काय झालं, ते ती कधी म्हणत नाही.

दुसरी पायरी: तीन पिढ्या सालांना बांधा

तीन पिढ्यांची कथा लिहिताना सगळ्यात जास्त चुका काळाच्या होतात. मी वहीच्या पहिल्या पानावर तीन सालं लिहून घेते आणि प्रत्येकाखाली त्या वेळी गावात काय होतं, काय नव्हतं ते.

१९७८: घरचं बाळंतपण, दाई, बाज, शेगडी. कापसाचा सगळा हिशोब खरेदी केंद्राशी.

२००६: आपल्या कथेतल्या बापाने आत्महत्या केली, लेक पाच वर्षांची आहे. त्याच वर्षी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचं पॅकेज जाहीर झालं होतं. खेड्यात तासन्‌तास भारनियमन. इथे एक गोष्ट नीट बघा, कारण ती कथेच्या गाभ्याशी जाते. अशा घरात चौकशीला माणसं येतात आणि मदत मिळण्यासाठी प्रकरण पात्र की अपात्र ते ठरतं. पात्र ठरलं तर एक लाख रुपये. म्हणजे घराला मृत्यूची एक ठरावीक गोष्ट सांगावी लागते: कर्ज, नापिकी, तगादा. हे सगळं खरंच असतं, पण त्याखेरीज जे होतं ते त्या दिवसापासून बोलायचं बंद होतं. पाच वर्षांची पोर ओसरीवर बसून मोठ्यांना तीच गोष्ट पुन्हापुन्हा सांगताना ऐकते. घरातली गोष्ट कशी बेतायची, हे ती तिथे शिकते.

आत्महत्या लिहिताना पद्धत, औषधाचं नाव, प्रमाण यांतलं काहीही लिहू नका. कथेला त्याची गरज नसते, आणि वाचणाऱ्यांत त्याच उंबरठ्यावर उभं असलेलं कोणी असू शकतं.

२०२४: लेक तेवीस वर्षांची, पहिलं बाळंतपण, ग्रामीण रुग्णालय.

तपासून घ्यायच्या गोष्टी: आशा स्वयंसेविका २००५ नंतर आल्या, त्यामुळे २००१ मध्ये आईच्या बाळंतपणात आशा आणू नका. १०८ ची गाडी महाराष्ट्रात २०१४ पासून. आणि आजी-आई-लेक एका छताखाली कशा, याला कारण द्या. सासरी राहणाऱ्या बाईच्या घरात तिची स्वतःची माय नसते. आपल्या कथेत आई नवरा गेल्यावर वावरात हिस्सा न मिळाल्याने लेकीला घेऊन माहेरी परतली आहे. हे एक वाक्य नसेल तर गावाकडचा वाचक पहिल्याच पानावर अडतो.

तिसरी पायरी: आजार शिकून घ्या

बाळंतपणानंतर चार-आठ दिवस रडू येणं, मन हळवं होणं हे बहुतेक बायांना होतं आणि आपोआप ओसरतं. प्रसूतीनंतरचं नैराश्य वेगळं, ते आठवडे-महिने टिकतं. भारतातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली आला, त्यात हे प्रमाण साधारण २२ टक्के दिसलं. म्हणजे गावातल्या पाच बाळंतिणींमागे एक. तिसरा प्रकार म्हणजे प्रसूतीनंतरचा तीव्र मनोविकार. हजार बाळंतपणांत एखाद-दुसऱ्या बाईला होतो आणि बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतो.

थरारकथेला हा तिसरा लागतो, म्हणून तो बारकाईने. आधी झोप जाते, पण थकवा जाणवत नाही. उलट बाई फार उत्साहात असते, भराभर बोलते, रात्री भांडी घासते, सगळे कौतुक करतात. मग संशय येतो: बाळ बदललं आहे, बाळात काहीतरी शिरलं आहे, कोणीतरी मला खुणा पाठवतं आहे. आणि कथाकाराच्या कामाची गोष्ट म्हणजे हे चढउतारात चालतं. सकाळी ती पूर्ण शहाण्यासारखी बोलते, पाहुण्यांना चहा देते. दुपारी ओळख हरवते. त्यामुळे घरच्यांना "आता बरी हाय" म्हणायला खरंच जागा मिळते.

ज्यांना द्विध्रुवी (बायपोलर) आजार आहे, किंवा ज्यांच्या रक्ताच्या नात्यात कोणाला असा त्रास झाला आहे, त्यांना धोका जास्त. तुमच्या कथेतला वारसा म्हणूनच दुहेरी ठेवता येतो, एक रक्तातला आणि एक सवयीतला. आपल्या कथेतली आजी १९७८ नंतर दोन महिने बोलली नव्हती, गाव म्हणालं लेकराच्या दुःखाने. नात बाजेवर असताना हे कोणी डॉक्टरला सांगत नाही.

ही तातडीने दवाखान्यात न्यायची गोष्ट आहे आणि उपचारांनी बहुतेक बाया पूर्ण बऱ्या होतात. कथेतलं कोणीतरी हे माहीत असलेलं हवं. वाचताना कोणाला आपल्याच घरातलं काही आठवलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, तिथे मराठीतही बोलता येतं.

चौथी पायरी: दोन रकान्यांची वही

अविश्वासू निवेदक, ज्याच्या सांगण्यावर भरवसा ठेवता येत नाही तो, म्हणजे वाचकाला फसवायचा परवाना, असं समजून लिहिलेल्या कथा शेवटी हातात माती ठेवतात. माझी पद्धत अशी. वहीत दोन रकाने पाडते: "घडलं काय" आणि "तिला काय वाटलं". नियम एकच, दुसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक गोष्टीला पहिल्यात बी असलं पाहिजे.

लेकीला वाटतं, कातडीखाली काहीतरी चालतं आहे. घडलं काय? भाव मिळेल म्हणून मागच्या हंगामातला कापूस अजून माजघरात छताला टेकला आहे, आणि साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते. पहिल्या पानांवर आजीही खाजवताना दिसली पाहिजे, म्हणजे नंतर वाचक मागे जाऊन बघेल तेव्हा त्याला फसवल्यासारखं वाटणार नाही.

लेकीला वाटतं, बाळ रडत नाही, त्याचा आवाज कोणीतरी काढून घेतला आहे. घडलं काय? आई बाळाला घेऊन कापसाच्या खोलीत गेली आहे आणि तो ढीग आवाज गिळतो. दार लोटलं की ओसरीवर काही ऐकू येत नाही. (ही खोली कथेत पुन्हा लागणार आहे, तिचं दार कोणत्या बाजूला उघडतं ते ठरवून ठेवा.)

लेकीला वाटतं, आजी बाळाला मारते. घडलं काय? चिमटा. आणि इथे दोन्ही रकाने जवळजवळ एक होतात. आजारी बाईला घरातलं खरं सगळ्यांत आधी दिसलेलं आहे, पण ती आजारी आहे म्हणून तिचं कोणी ऐकत नाही. अशी एक जागा तुमच्या कथेत असलीच पाहिजे. ती नसेल तर लेक फक्त रुग्ण होऊन राहील.

घरच्यांचं एक वाक्यही ठरवा, जे तिला गप्प करतं. ओरडून म्हटलेलं नको. "आराम कर तू, तुले काही समजून नाही रायलं" हे मायेने, डोक्यावरून हात फिरवत म्हटलेलं असू द्या.

पाचवी पायरी: कथेचं घड्याळ

विदर्भाच्या मातीतलं एक तयार घड्याळ आपल्याकडे आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायची पद्धत उभी केली. त्याचे निष्कर्ष १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि पुढे ती देशभर आशांच्या कामात गेली. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. बाळाचं वजन, ताप, श्वास मोजते.

या सहा भेटी म्हणजे सहा प्रकरणं. बाहेरचं एक माणूस ठरलेल्या दिवशी दार वाजवणार आहे हे घराला माहीत असतं, म्हणून प्रत्येक वेळी घर काहीतरी आवरून ठेवतं. तिसऱ्या दिवशी सगळं कौतुकाचं. सातव्या दिवशी बाळाच्या पायाच्या अंगठ्याजवळ बारीक लाल खुणा, आणि आजी पटकन झबलं ओढते. ताई वजन करते, खूण बघते, लिहायला तिच्या कागदावर रकाना नाही. ही भेट लिहिताना घाई करू नका. वजनकाट्याच्या झोळीत बाळ हलतं आहे आणि आजी त्या झोळीकडे बघू शकत नाही. का, ते वाचकाला अजून माहीत नाही.

सहावी पायरी: पाचवी, पोळा, पिठोरी, मारबत

इथे मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण आपल्या रूढींमध्ये थरार आधीच बांधलेला आहे आणि लोक तो सोडून परदेशी बाहुल्या आणतात.

पाचवीची रात्र आधी. सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते, म्हणून पाट मांडतात, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, जागरण करतात. घराण्यातून काय येतं या प्रश्नाची याहून उघडी प्रतिमा मिळणार नाही. पण तिला भूत करू नका. दिवा, बाज, शेगडीची धग, आणि आधीच चार रात्री न झोपलेली पोर, जिला आज सगळे मिळून जागं ठेवत आहेत, प्रेमाने. पहाटे कागदावर काहीतरी लिहिलेलं सापडतं. अक्षर लेकीचंच आहे, तिला आठवत नाही. काय लिहिलं आहे? मी तिथे फक्त आकडे ठेवीन, ओळींची मोजदाद. कापसाच्या ओळी. तिने आजीला झोपेत मोजताना लहानपणी ऐकलं असेल, हे वाचकाला फार नंतर कळावं.

मग पोळा. २०२४ साली तो २ सप्टेंबरला होता. बाळ २४-२५ ऑगस्टला जन्मलं असेल तर पोळा दुसऱ्या भेटीनंतर आणि तिसऱ्या भेटीआधी येतो, म्हणजे आजाराच्या ऐन भरात. पोळ्याच्याच अमावास्येला पिठोरी असते, मातृदिन. ज्या घरात पुजतात तिथे आई वाण डोक्यावर धरून, मागे न बघता विचारते, "अतीत कोण?" मागे उभं असलेलं लेकरू आपलं नाव सांगतं आणि वाण घेतं.

आता हे आपल्या घरात आणा. सोयर आहे, यंदा पूजा नाही, आईने तसं स्पष्ट सांगितलं आहे. बाहेर बैलांची तोरणं सुटली, झडत्या (पोळ्यातली गाणी) संपल्या, गाव जेवून निजलं. आजी एकटीच अंधारात उठते. ती दरवर्षी एक वाण जास्तीचं ठेवते आणि त्याबद्दल कोणी विचारत नाही. पाठ दाराकडे, हात डोक्यावर, हलक्या आवाजात "अतीत कोण?" नेहमी इथे शांतता असते. यंदा मागून आवाज येतो, "मी."

लेक उभी आहे. कडेवर बाळ नाही.

हा प्रसंग दीड पानाच्या वर नेऊ नका. आजी वळते की नाही, एवढ्यावर प्रकरण तोडा.

दुसऱ्या दिवशी मारबत. नागपुरात १८८०च्या दशकापासून काळी आणि पिवळी मारबत मिरवणुकीने निघते. खेड्यांत पहाटे पळसाचे मेढे नि घरातला केरकचरा घेऊन लोक शिवेबाहेर जातात आणि ओरडतात, "घेऊन जाय गे मारबत!" रोगराई, इडापीडा, सगळं त्या बाईच्या आकृतीवर लादून तिला गावाबाहेर घालवायचं. मारबतीला पूतनेचं रूप मानणारेही आहेत, म्हणजे विषारी दूध पाजणारी आई. नऊ-दहा रात्री न झोपलेल्या बाळंतिणीला त्या हाकेत स्वतःचं नाव ऐकू आलं, तर वाचकाला समजावून सांगावं लागणार नाही.

ती गर्दीबरोबर निघते, हातात गाठोडं. वाचक त्या गाठोड्याकडे बघत राहतो. त्यात काय आहे? माझ्या मते बाळ कधीही नसावं. मी त्यात झोळीचं लुगडं ठेवीन. बाळ घरी कापसाच्या खोलीत आहे, गाढ झोपलेलं, निःशब्द. आजी त्याच्यापाशी पोचते, हात चिमट्यासाठी पुढे जातो. आणि खरी पराकाष्ठा इथे आहे: ती चिमटा काढत नाही. हात छातीजवळ धरून श्वास मोजते. मग पहिल्यांदा तोंड उघडते, समोर आई उभी असते, आणि त्या जास्तीच्या ओळीची गोष्ट बाहेर येते.

सातवी पायरी: भगत, डॉक्टर, कायदा

थोडक्यात सांगते. भगताला सरसकट खलनायक करू नका, अनेक गावांत बाईचं ऐकून घेणारा तोच असतो. पण भूत काढायच्या नावाखाली मारणं, बांधणं, मिरचीची धुरी देणं हा २०१३च्या महाराष्ट्रातल्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे पात्रांपैकी कोणाला तरी ठाऊक असावं. राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं, त्यांपैकी विदर्भात एकच, नागपूरला. गावातून तिथवरचा प्रवास हे एक प्रकरण होऊ शकतं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे तीन वर्षांखालच्या बाळाला उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा तोडता येत नाही. कथेतला नवरा "पोरगं आमच्याकडे द्या" म्हणत उभा राहील तेव्हा हे कामी येतं.

तुमची कथा बाळाच्या मृत्यूकडे जाणारच असेल, तर इंग्लंडमध्ये १९२२ पासून अशा आईसाठी वेगळी तरतूद आहे, आपल्याकडे नाही. इथे खुनाचं कलम लागतं आणि बचाव मनोविकृतीचा, जो आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. बरीक त्या वाटेने जायचं असेल तर फार विचार करून जा.

आठवी पायरी: बोली किती

संवादात वऱ्हाडी, निवेदनात प्रमाण मराठी, असं मी करते. "मले", "काहून", "येऊन रायली", "करा लागते" एवढ्यावर बोली उभी राहते. उच्चारातला 'ळ' चा 'य' जसाच्या तसा लिहायला गेलात तर "बाळ" चं "बाय" होतं आणि बाहेरचा वाचक गोंधळतो. भंडारा-गडचिरोलीकडची झाडीबोली वेगळी, ती यात मिसळू नका. तिकडची कथा लिहायची तर कापसाऐवजी धान येईल, मग धुरा, वेचणी, रांगा सगळंच बदलेल.

आणि शेवटी वाचून दाखवा. लिहिणाऱ्या मित्रांना नंतर, आधी गावातल्या एखाद्या साठीच्या बाईला, ती तूर सोलत बसलेली असताना. तिच्या मताची वाट बघू नका, तिचे हात बघा. ज्या ओळीला हात थांबतात, तिथे समासात खूण करा. ज्या ओळीला ती "चहा ठेवते" म्हणून उठून जाते, तिथे दोन खुणा करा. त्या जागी काहीतरी खरं लागलेलं असतं, नाहीतर धडधडीत खोटं. कोणतं ते तिला विचारा, पण त्याच दिवशी नको. दोन-तीन दिवसांनी पुन्हा जा, पाटी पुढे ओढा आणि तिच्याबरोबर सोलायला बसा.